घट बसवण्यापासून उठवण्यापर्यंत

भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजापूरची भवानी घोरनिद्रेसाठी पलंगावर जाते. तिथली मूर्ती चल आहे, सिंहासनावरून उचलून शेजघरात नेता येते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे नवरात्राच्या पहिल्या दिवशी, ती परत सिंहासनावर बसते आणि त्याच दिवशी घरोघरी घट बसतात. ज्यांची ती कुलस्वामिनी आहे, त्यांच्या घरची तयारीही देवी निजल्यावरच सुरू होते. गोधड्या-पांघरुणं धुऊन वाळवायची, जाळीजळमटं काढायची, देवघराची भिंत पुसायची, हे सगळं सर्वपित्री अमावास्येच्या आत उरकायचं. घट बसल्यावर घर झाडताना धूळ उडवत नाहीत, घटाजवळची जागा पाण्याने धूत नाहीत. राहिलेलं काम मग दसऱ्यानंतरच.

देवीची रूपं डोळ्यांपुढे येतात ती बहुधा मूर्तींची. तुळजापूरची महिषासुरमर्दिनी अष्टभुजा, सप्तशृंगगडावरची कड्यात उभी असलेली अठरा हातांची, माहूरच्या रेणुकेचा तर नुसता शेंदरी मुखवटाच. घरात मात्र नऊ दिवस माती, पाणी, धान्य, मडकं आणि दिवा एवढंच असतं. घट म्हणजे देवीची नुसती खूण नाही, तीही तिची पूर्ण मूर्तीच, असं आम्ही मानतो. फरक एवढाच की ही मूर्ती वाढती आहे. तिला ओल, हवा आणि उजेड बेताने लागतो. म्हणून घटाच्या पूजेतला मोठा भाग मंत्रांपेक्षा देखभालीचा असतो आणि घट बिघडला तर कारण बहुतेक वेळा देखभालीतच सापडतं.

माती काळी, शेतातली घ्यावी. शहरात घटस्थापनेच्या आधी बाजारात ती ‘वावरी’ म्हणून विकायला येते. घरी आणून चाळणीने चाळावी, खडे, काचा, गवताच्या मुळ्या काढाव्यात आणि एक दिवस उन्हात पसरावी. त्यात ओंजळभर जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत चालतं. ताजं शेण मिसळलं तर माती तापते, वास येतो आणि चिलटं होतात. कुंडीसाठी मिळणारा नारळाच्या भुश्याचा तयार लगदा घटाला वापरू नये. तो पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा दिसतो, म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि खाली धान्य कुजतं.

फूटभर रुंदीची वेताची परडी किंवा टोपली घेतली, तर साधारण तीन किलो माती लागते. परडीत आधी पत्रावळ किंवा केळीचं पान अंथरायचं, म्हणजे माती गळत नाही. परडीखाली पाट, पाटाखाली ताट. ताट विसरलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी पाट फुगतो. पत्रावळीवर दोन बोटं जाडीचा मातीचा थर द्यायचा, मधोमध घटाचा बूड बसेल एवढी गोल जागा सोडून भोवती धान्य पेरायचं आणि वर बोटभर माती भुरभुरायची. घटाखाली धान्य टाकलं तर ते दबून सडतं आणि बुरशी तिथूनच पसरते.

पोथीत सप्तधान्य सांगितलंय: जव, गहू, तीळ, मूग, राळे, सावे, हरभरे. घरोघरी ज्वारी, गहू, बाजरी, मूग, उडीद, तूर, हरभरा अशी जी हाताशी ती सात धान्यं घेतात. काही घराण्यांत नुसता गहू पेरायची चाल आहे. सातही मिळून 150 ग्रॅम धान्य एका परडीला पुरतं. जास्त टाकलं तर कोंब एकमेकांना दाबतात, आत वारा जात नाही आणि पांढरी बुरशी धरते. त्यातही गहू आणि ज्वारी निम्म्याहून अधिक ठेवावीत. हरभरा आणि उडीद ओलीने सर्वांत आधी कुजतात, म्हणून ते चिमूटभर आणि परडीच्या कडेला.

धान्य उगवतच नाही, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. दुकानातले खायचे जव बहुधा साल काढलेले असतात, ते उगवत नाहीत. कडक उन्हात फार तापवून, पावडर लावून साठवलेला जुना गहू निम्माच उगवतो. पितृपंधरवड्यातच प्रत्येक धान्याचे वीस-वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस ठेवावेत, वीसातले पंधरा फुटले की धान्य चांगलं. बियाण्याच्या दुकानातला औषध चोळलेला रंगीत गहू मात्र परडीत घालू नये. तो उगवतो जोमाने, पण घटाच्या मातीला मुलांचे हात लागतात आणि दसऱ्याला त्याच धानाचा, म्हणजे उगवलेल्या कोंबांचा, प्रसाद होतो. निवडलेलं धान्य आदल्या रात्री भिजवून सकाळी निथळून पेरलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या माळेला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कोंब दिसतात. कोरडं पेरलं तर आणखी एक-दीड दिवस लागतो.

घट मातीचाच हवा, आणि तो न रंगवलेला. कच्च्या भाजणीच्या मडक्यातून पाणी पाझरतं आणि भोवतीची माती आपोआप ओली राहते. जुन्या लोकांनी ही सारी मांडणी त्या पाझरण्यावरच बेतली आहे. हल्ली चकचकीत रंग दिलेले, आरसे चिकटवलेले घट मिळतात. रंगाने मडक्याची छिद्रं बुजतात, आत पाणी भरलेलं आणि बाहेर माती कोरडी, अशी गत होते. तांब्याच्या कलशाचंही तेच. ज्यांच्या घरी तांब्याच बसवायची रीत आहे, त्यांनी सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडलं पाहिजे. दीड लिटरचा घट परडीला बेताचा होतो. नवीन मडकं आदल्या दिवशी चार-सहा तास पाण्यात बुडवून ठेवावं. त्याने धूळ निघते आणि चीर असेल तर बुडबुड्यांच्या रेषेवरून कळते. चिरलेला घट दोन दिवसांत रिकामा होतो आणि खालचा चिखल करतो.

घट आश्विन शुद्ध प्रतिपदेला सकाळी बसवतात. सूर्योदयापासून पहिल्या दहा घटका, म्हणजे चार तास, उत्तम. ते साधलं नाही तर माध्यान्हीचा अभिजित मुहूर्त. चित्रा नक्षत्र आणि वैधृति योग टाळावा असं शास्त्र सांगतं, पण ते दिवसभर असतील तर घट थांबवत नाहीत. रात्री मात्र बसवत नाहीत.

घटाच्या गळ्याला सूत गुंडाळायचं, हळदीकुंकवाची बोटं ओढायची. आत पाणी, त्यात सुपारी, नाणं, हळकुंड, अक्षता, दूर्वा, फूल. पाणी गळ्याच्या दोन बोटं खाली थांबवावं. तोंडाशी विड्याची किंवा आंब्याची पाच पानं, देठ आत आणि टोकं बाहेर, वर शेंडी राखलेला नारळ. पाणी काठोकाठ भरलं तर पानांचे देठ तिसऱ्या दिवशी काळे पडतात आणि नारळाच्या बुडाला बुरशी येते. नारळ असोला असेल तर आधी थोडा सोलावा, नाहीतर तो घटात बसत नाही, डुगडुगतो. एकदा ठेवलेला नारळ नऊ दिवस हलवायचा नाही, म्हणून पहिल्याच वेळी नीट बसवावा. पाणी कमी झालं की पानांच्या फटीतून पळीने बारीक धार सोडायची. साधारण रोज फुलपात्रभर लागतं, हस्ताचं ऊन कडक असेल तर जास्त. मातीत बोट घालून बघावं. बोटाला माती चिकटली तर वरून पाणी घालू नये, सुकी लागली तरच शिंपडावं. तांब्याने ओतलं की दाणे उघडे पडतात.

देवांचे टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमा, आदल्या दिवशी चिंचेने किंवा रांगोळीने घासून लख्ख करून ठेवतात. भवानी, खंडोबा, जोतिबा किंवा भैरोबा असे जे कुळाचे टाक असतील, ते घटाशेजारी विड्याच्या जोडपानावर मांडतात. यालाच देव घटी बसले म्हणतात. त्या दिवसापासून त्यांना स्नान नाही आणि जागेवरून उचलणं नाही, हळदकुंकू, अक्षता, फूल वरूनच वाहायचं. पानं तीन-चार दिवसांत सुकतात, पण बदलत नाहीत. टाकाखाली आधीच तांदळाची छोटी रास घातली की पान कुजून टाकाला डाग पडत नाही.

मग नंदादीप. नऊ दिवस अखंड, तेव्हा इथे हयगय चालत नाही. तीळतेल किंवा गोडेतेल, नाहीतर तूप. मध्यम जाडीची एक वात दिवसरात्रीत पाव लिटरच्या आतबाहेर तेल पिते, म्हणून दोन-अडीच लिटर आधीच आणून ठेवावं. वात कापसाची, घरी वळलेली, हातभर लांब. गुंडाळी तेलात आणि टोक बाहेर. वात सैल वळली तर भडकते आणि काजळी धरते, फार घट्ट वळली तर तेल वर चढत नाही आणि ज्योत बारीक होत जाते. काजळी दिवसातून दोनदा चिमट्याने झाडायची. झाडताना ज्योत जाऊ शकते, म्हणून शेजारी सोबतीचा दिवा ठेवतात. आधी नंदादीपावरून सोबतीचा दिवा लावायचा, मग काजळी झाडायची. ज्योत गेली तर सोबतीच्या दिव्यावरून पुन्हा लावायची, देवीचं नाव घेत नवार्ण, म्हणजे देवीच्या नऊ अक्षरी, मंत्राचा जप करायचा आणि कामाला लागायचं. दिवा शांत झाला म्हणजे घरावर संकट आलं, ही भीती कुणी घालत असेल तर मनावर घेऊ नये. दिवा जातो तो वाऱ्याने, तेल संपल्याने किंवा तुपाच्या वासाने आलेल्या उंदराने वात ओढल्याने. काचेची चिमणी लावली की वारा आणि उंदीर दोन्हींचा बंदोबस्त होतो. समईखाली परात असावी आणि वर टांगलेल्या माळा ज्योतीपासून दोन हात दूर. चौथ्या-पाचव्या दिवशी माळा वाळतात आणि वाळलेली पानं झटकन पेटतात. घट असलेल्या घराला कुलूप घालत नाहीत यामागे देवीपाशी माणूस हवं हा भाव आहेच, आणि पेटत्या दिव्याजवळ कुणीतरी जागं हवं, हेही आहे.

रोज एक माळ. ती देव्हाऱ्यावर बांधलेल्या मंडपीवरून घटावर सोडायची, टोक नारळापर्यंत यावं पण कोंबांत शिरू नये. आधीची माळ काढायची नाही, नवव्या दिवशी नऊही माळा दिसल्या पाहिजेत. दिवसही माळेवरूनच मोजतात: आज तिसरी माळ, उद्या चौथी. पहिली पुष्कळ घरांत विड्याच्या पानांची असते. सुई देठातून घालावी, पानाच्या मधून घातली की पान फाटून दुसऱ्या दिवशी खाली पडतं. पुढे कारळ्याची, शेवंतीची, तरवडाची, झेंडूची, गोकर्णाची, जे त्या मुलखात फुलतं ते. कारळ्याची पिवळी फुलं ऐन या दिवसांत शेतात असतात, म्हणून देशावर त्यांच्या माळेला फार मान. तिथीची वृद्धी झाली तर माळही वाढते. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि दसरा 2 ऑक्टोबरला, म्हणजे मधे दहा दिवस. अशा वेळी दहावी माळ बांधतात. क्षय असेल तर आठच.

दरम्यान धान वर येत असतं. ते पिवळं का, आजारी तर नाही ना, असं नवीन माणसं विचारतात. देवघरात ऊन येत नाही, पानात हिरवेपणा धरायला उजेड पुरत नाही, म्हणून ते सोनेरी राहतं आणि उजेडाच्या शोधात उंच होतं. आपल्याकडे दसऱ्याला हवं असतं तेही पिवळंच. परडी खिडकीत ठेवली तर ते हिरवं, बुटकं होईल आणि एका बाजूला झुकेल. पाचव्या माळेपर्यंत चार बोटं आणि नवव्याला वीतभर, ही चांगली वाढ. मुळांशी कापसासारखं पांढरं दिसलं तर आधी हात लावून बघावं. गव्हाच्या कोवळ्या मुळांवर बारीक लव असते, ती बुरशी नव्हे. वास आंबूस असेल, कोंब चिकट झाले असतील तर ती बुरशी. तेवढा भाग चमच्याने काढून कोरडी माती भुरभुरावी आणि एक दिवस पाणी बंद ठेवावं. ज्वारी-गहू-हरभऱ्याची रब्बी पेरणी दसऱ्याच्या पुढेमागे असते, त्यामुळे घटात कोणतं धान्य जोमाने आलं ते शेतकरी आजही निरखून बघतात. पेरणीच्या तोंडावर देवीसमोर बी उगवून बघणं, हा या पूजेचा गाभा आहे असं मला वाटतं.

पाठ करणाऱ्यांसाठी दुर्गासप्तशतीचे तेरा अध्याय आहेत, मार्कंडेय पुराणातले. पहिला अध्याय महाकालीचा, दुसरा ते चौथा महालक्ष्मीचा, पाचवा ते तेरावा महासरस्वतीचा. आधी कवच, अर्गला, कीलक ही स्तोत्रं. सगळं एका बैठकीत तीन तासांच्या आसपास जातं. रोज इतकं जमत नसेल तर सात दिवसांत एक, दोन, एक, चार, दोन, एक, दोन अशा अध्यायांची जुनी वाटणी आहे. अध्याय मधेच तोडून उठायचं नाही, एवढं पथ्य. शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंतची नवदुर्गांची नावं याच कवचात येतात. आपल्या कुळाचारात रोज एका दुर्गेची वेगळी पूजा नसते, घट नऊही दिवस कुलदेवीचाच. नऊ रंगांच्या साड्यांची हौस वर्तमानपत्रांनी रुजवली. ती जरूर करावी, पण रंग चुकला म्हणून कुणी हळहळू नये, कुळाचारात त्याला जागा नाही.

पंचमीला ललिता. त्या दिवशी करंड्याचं झाकण देवी म्हणून पूजतात. कोल्हापुरात त्याच दिवशी अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते आणि तिथे कोहळा फोडतात. अष्टमीला चित्पावनांकडे महालक्ष्मी उभी राहते, तिचा मुखवटा तांदळाच्या उकडीचा. उकड गरम असतानाच तेलाच्या हाताने भरपूर मळावी, कोरडी राहिली तर नाकाजवळ आणि हनुवटीखाली तडे जातात. कामाचा गोळा सोडून बाकीची उकड ओल्या फडक्याखाली झाकावी, चेहरा झाला की लगेच डोळे, काजळ, कुंकू. लग्नानंतर पहिली पाच वर्षं नव्या सुना ही पूजा करतात आणि संध्याकाळी घागरी फुंकतात.

देशावर अष्टमी-नवमीला फुलोरा. घटावर टांगायच्या कडाकण्यांसाठी दोन वाट्या मैद्याला पाव वाटी डाळीचं पीठ, दोन मोठे चमचे कडकडीत मोहन आणि अर्धी वाटी साखर थोड्या पाण्यात विरघळवून. पीठ घट्ट भिजवायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं आणि पातळ लाटायचं. भोक लाटतानाच पाडावं, तळल्यावर पाडायला गेलं की कडाकणी मोडते. टोचे मारले नाहीत तर पुरीसारखी फुगते आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडून दोऱ्यातून निसटते. साखर जास्त झाली तर आतून कच्ची आणि बाहेरून काळी. मंद आचेवर तळावी. त्याच पिठाच्या देवीसाठी वेणी, फणी, बांगड्या, जोडवी, पाळणा करतात.

होम असेल तर अष्टमी-नवमीच्या सांध्यावर: अष्टमीची शेवटची घटका आणि नवमीची पहिली, मिळून 48 मिनिटं. नुसती संधिपूजा केली तरी चालते. कुमारिका दोन ते दहा वर्षांच्या. वयागणिक त्यांची नावं आहेत: दोनची कुमारिका, तीनची त्रिमूर्ती, मग कल्याणी, रोहिणी, कालिका, चंडिका, शांभवी, दुर्गा आणि दहाची सुभद्रा. देवीचं हे रूप भूक लागली की रडतं, म्हणून आरत्या आटोपेपर्यंत तिला ताटकळत ठेवू नये. पाय धुवावेत, कुंकू लावावं, आधी जेवू घालावं आणि लांबलचक आरत्या नंतर म्हणाव्यात.

सोयर किंवा सुतक आलं तर ते फिटल्यावर घट बसवता येतात. सात, पाच, तीन किंवा एका दिवसाचंही नवरात्र शास्त्राला मान्य आहे. घट बसल्यानंतर अशौच आलं तर ज्याला ते नाही अशा नातलगाकडून किंवा गुरुजींकडून पूजा पुरी करून घेतात. उपवास नऊ दिवस झेपत नसेल तर उठता-बसता करावा, पहिल्या आणि शेवटच्या माळेचा. काही घरांत भाजून घेतलेल्या धान्याचे पदार्थ खातात, त्याला धान्यफराळ म्हणतात. मधुमेह असलेल्यांना साबुदाण्यापेक्षा तो बरा पडतो.

घट काहींकडे नवमीला पुरणाच्या नैवेद्यानंतर उठतात, काहींकडे दसऱ्याला सीमोल्लंघनाआधी. आपापल्या घरची रीत पाळावी. अक्षता वाहून घट उत्तरेकडे किंचित हलवला की उत्थापन झालं. नंदादीपाला हात लावायचा नाही, तेल संपेपर्यंत तेवू द्यायचा. घटातलं पाणी आंब्याच्या पानांनी घरभर शिंपडून उरलेलं तुळशीला. धान मुळासकट ओरबाडू नये, मूठ धरून कात्रीने कापावं, म्हणजे तुऱ्यांना माती लागत नाही. पहिला तुरा टाकांना, मग घरातल्यांच्या टोपीत, अंबाड्यात, वह्यापुस्तकांवर, अवजारांवर. नारळ लगेच फोडून बघावा. पाणी गोड असेल तर खोबऱ्याची प्रसादाची बर्फी, खवट झालं असेल तर मातीत पुरावा. कोंब आला असेल तर फोडूच नये, अंगणात लावावा. माती मुळांसकट कुंडीत किंवा शेतात. परडीतली प्लास्टिकची सजावट, जर, आरसे आधी काढून घ्यावेत. हे निर्माल्य नदीत सोडू नये, मातीची जागा मातीतच आहे. टाक पंचामृताने न्हाऊ घालून पुन्हा देव्हाऱ्यात बसवायचे. मडकं धड असेल तर उलटं ठेवून पूर्ण वाळवावं, पुढे तुळशीपाशी पाणी ठेवायला ते वर्षभर चालतं. पुढच्या घटाला मात्र नवीनच आणायचं, कारण वर्षभर वापरलेल्या मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात आणि ते पाझरत नाही.